रोज एक तांब्या पाणी

डिसेंबरात सुगंधा वहिनी नागपूरला निघाल्या, तेव्हा घराची किल्ली त्यांनी तळमजल्यावरच्या बाईंकडे दिली, कारण आठवड्याची झाडलोट त्या करणार होत्या. आमच्याकडे त्यांनी फक्त मोगरा ठेवला.

आमची दारं समोरासमोर आहेत. मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कच्या या इमारतीत आम्ही आणि ते एकाच महिन्यात राहायला आलो. त्यांचे यजमान दत्ताराम माझ्याहून दीड वर्षाने मोठे, म्हणून त्या वहिनी आणि मी भावजी. दत्ताराम जाऊन नऊ वर्षं झाली, तरी हाक तीच राहिली.

त्या संध्याकाळी त्यांनी कुंडी स्वतः उचलून आणली. सिमेंटची, कड उडालेली कुंडी. मी धरायला पुढे झालो तर म्हणाल्या, "राहू द्या भावजी, तुमची कंबर. कुठे ठेवू?"

"गॅलरीत. ऊन चांगलं येतं तिथे, दुपारनंतर."

"रोज एक तांब्या पाणी घाला. सकाळी. बाकी काही करू नका. खत नको, काही नको. आमच्या इशिताचं दुसरं बाळंतपण आहे, पण डॉक्टर म्हणतायत प्रवास नको, म्हणून मलाच जावं लागतंय. होळीनंतर येते मी."

सुचेता, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो वहिनी, यांच्यावर कशाला सोडता? मी घालीन पाणी."

"घालू दे ना त्यांना. मेथी किती छान पिकवली त्यांनी."

ती मेथी मला अजून आठवते. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षं काम केलं. पुस्तकं नोंदवली, दिली, परत घेतली. हाताने पिकवलेलं, शिवलेलं, सांधलेलं असं माझ्या नावावर काही नाही. खिळा ठोकायचा झाला तरी सुचेता स्टूल आणायची आणि मी ते धरायचो. दिवाळीनंतर मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा एक खोका मिळाला, त्यात माती भरली, स्वयंपाकघरातलीच मेथी पसरली, आणि आठव्या दिवशी खोका हिरवा झाला. तो फोटो मी 'घरची बाग, मीरा रोड' नावाच्या ग्रुपवर टाकला. पूनम सागरमधली रुचिता नावाची मुलगी तो ग्रुप चालवते. तिने लिहिलं, 'काका, पहिल्याच प्रयत्नात? तुम्ही तर जन्मजात माळी!' खाली टाळ्यांचे हात. मी मोजले नाहीत असं म्हणायला हवं, पण मोजले होते. सत्तावीस होते.

त्या मेथीची भाजी झाली. सुचेताने वाटीभर वहिनींना दिली. वहिनी म्हणाल्या, कोवळी आहे. माझ्या वयाच्या माणसाला एवढं पुरायला हवं होतं.

या मोगऱ्याची हकिकत मला पाठ होती, कारण वहिनींनी ती सुचेताला पॅसेजमध्ये उभ्याने सांगितली तेव्हा मी आत पेपर वाचत होतो. दत्ताराम गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांच्या माहेरची, पेणजवळची, वाटणी झाली. दोन भाऊ आणि ही बहीण. आपल्याकडे बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात आणि त्याच्या बदल्यात माहेर राखतात. वहिनींनीही केली. भावांनी साडी आणली होती. साडी घेऊन त्या म्हणाल्या, मागच्या दारच्या मोगऱ्याची फांदी तेवढी द्या. आईने लावलेला मोगरा. धाकट्या भावाने कोयत्याने फांदी तोडून ओल्या फडक्यात बांधून दिली. ती इथे गॅलरीत रुजली. नंतर चार वर्षांत भावांनी ते घर विकलं. आता तिथे फरश्यांचं गोदाम आहे, मोगरा नाही आणि मागचं दारही नाही. वहिनी सुचेताला म्हणाल्या होत्या, "माझ्या वाट्याला हे झाड आलं बघा." आणि हसल्या होत्या.

हे सगळं मला ठाऊक होतं. तेव्हा पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं म्हणायची सोय नाही.

पंधरा-वीस दिवस मी रोज सकाळी एक तांब्या पाणी घातलं. झाड जसं होतं तसं राहिलं. ना नवी पालवी, ना कळी. थंडीत मोगरा असाच असतो, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, आपल्याकडे आल्यापासून हे थांबलंय. वहिनींच्या गॅलरीत ते चैत्रात फुलायचं, ओंजळभर फुलं यायची. इथे फुललं नाही तर त्या काही बोलणार नाहीत, पण मनात म्हणतील, भावजींना नाही जमलं.

म्हणून मी पुस्तक काढलं. भाईंदरला रद्दीवाल्याकडे घेतलेलं फुलशेतीचं जुनं पुस्तक माझ्याकडे होतं. त्यात मोगऱ्याचं प्रकरण होतं. डिसेंबर-जानेवारीत मोगऱ्याचं पाणी तोडावं, झाडाला ताण द्यावा, पानं गळू द्यावीत. मग छाटणी करून खत घालावं आणि पाणी सोडावं, म्हणजे झाड फुलांनी लगडतं. ते वाचताना मला जे वाटलं ते मेथी उगवली तेव्हाही वाटलं नव्हतं. सगळे जण पाणी घालतात. न घालण्यातही विद्या आहे. अशी विद्या पुस्तकातूनच कळते, आणि पुस्तकं हा माझा प्रांत.

तरी मी रुचिताला विचारलं. स्वतःच्या वाचण्यावरही माझा भरवसा नसतो.

तिचा आवाजी निरोप आला. "हो काका, बरोबर आहे! मी पण देते ताण, माझे मोगरे टेरेसवर आहेत ना, मस्त रिझल्ट येतो. पंधरा-वीस दिवस पाणी बंद. पानं गळतील, घाबरायचं नाही. तुम्ही करताय म्हणजे सीरियस गार्डनर झालात हां!"

तिचे मोगरे गच्चीवर कमरेएवढ्या निळ्या पिंपात आहेत हे मला माहीत नव्हतं. माझा मोगरा वीतभर कुंडीत आहे हे तिला माहीत नव्हतं. मी फोटो पाठवायचो तो पानांचा, जवळून घेतलेला.

संक्रांतीच्या आधी मी पाणी बंद केलं. आणि ग्रुपवर लिहिलं, की शेजारच्या वहिनींचा मोगरा सांभाळतोय, त्याला ताण देतोय, पाडव्याला फुलांसकट परत करणार. एकेचाळीस टाळ्या.

सुचेताला तिसऱ्या दिवशी कळलं.

"तांब्या इथे कोरडा का?"

"ताण देतोय मोगऱ्याला."

"काय देताय?"

मी पुस्तक दाखवलं. तिने ते हातात घेतलं नाही. "वहिनी काय म्हणाल्या होत्या? रोज एक तांब्या. बाकी काही करू नका. त्यात कुठला शब्द अवघड होता तुम्हाला?"

"अगं, त्यांना आश्चर्याचा धक्का..."

"बसेल धक्का."

दहाव्या दिवशी पानं मऊ पडली. मी मातीत बोट घातलं. वरपासून बोटाच्या मुळापर्यंत माती कोरडी होती, कुंडीच्या कडेपासून सुटली होती, फटीत बोट जात होतं. बोट सांगत होतं की पुरे. मी आत आलो, तांब्या भरला आणि गॅलरीच्या दारात उभा राहिलो. माझं बोट काय म्हणतं हे आजवर कोणी विचारलं नव्हतं, मी स्वतःही नाही. पुस्तकात पंधरा ते वीस दिवस लिहिलं होतं. ग्रुपवर फोटो टाकून रुचिताला विचारलं. लगेच उत्तर आलं, 'वा काका! हेच हवंय! आता हार मानायची नाही, झाड आपली परीक्षा बघतं.' त्याखाली ग्रुपमधल्या कोणी जितेशने लिहिलं, 'काका, स्टे स्ट्राँग.'

तांब्यातलं पाणी मी बेसिनमध्ये ओतलं.

त्याच आठवड्यात नागपूरहून फोन आला. नात झाली होती. सुचेताशी सगळं बोलून झाल्यावर वहिनींनी मला मागितलं. "भावजी, अभिनंदन करा, आजी झाले परत. आणि माझा मोगरा कसाय?"

"छान आहे," मी म्हणालो.

"कंटाळा करू नका हं पाण्याचा."

"छे छे."

फोन ठेवला तर सुचेता माझ्याकडे बघत होती. भांडी घासायला गेली आणि नेहमीपेक्षा जास्त आवाज करत घासली.

एकविसाव्या दिवशी मी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे छाटणी केली, मूठभर गांडूळखत घातलं आणि पाणी सोडलं. पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली उतरलं आणि फरशीवर पसरलं, मातीने घेतलंच नाही. मग मी रोज घालू लागलो. एक तांब्या, दोन तांबे, संध्याकाळीही. आठ दिवस, दहा दिवस. उरलेली पानं तपकिरी होऊन फांदीलाच चिकटली. हात लावला की चुरा व्हायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सुचेता गॅलरीत आली, खाली बसली आणि तिने नखाने फांदी खरवडली. आत तपकिरी. मग जरा खाली खरवडली. तपकिरी. मग बुंध्याजवळ. ती उठली, पदराला हात पुसले.

"मेलंय हो."

"थोडे दिवस अजून..."

"मेलंय. फोन करा त्यांना आणि सांगा. आत्ता. मी लावून देते."

"आत्ता नको. बाळंतिणीच्या घरात कशाला..."

"मग कधी?"

मी त्या दिवशी दोनदा फोन हातात घेतला. एकदा नंबरही लावला आणि रिंग जाण्याआधी कापला. पुस्तक हरवलं म्हणून काउंटरवर येऊन रडवेले होणारे विद्यार्थी मी पुष्कळ बघितले होते. मी त्यांना म्हणायचो, अरे सांगायचं, सांगितलं की मार्ग निघतो. त्यातले काही जण तसंच दुसरं पुस्तक विकत घेऊन यायचे, पहिल्या पानावर शिक्का नसायचा, आणि समजायचे मला कळणार नाही.

सोमवारी सुचेता उठायच्या आधी मी कुंडी रिकामी केली. झाड मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट बाहेर आलं, कुंडीच्या आकाराचंच. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळलं, जिन्याने खाली नेलं आणि ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकलं. वर कोणाची तरी मटारची टरफलं ओढली. मग घोडबंदरची बस पकडली.

रस्त्याच्या कडेला नर्सऱ्यांची रांग आहे. मी पहिल्याच नर्सरीत शिरलो आणि सवयीने हिंदीत विचारलं, "भैया, मोगरा है क्या? सादा वाला."

खुरपं घेऊन बसलेला माणूस वर न बघता म्हणाला, "मराठीत बोला काका, मी हितलाच हाय." त्याचं नाव महिपत. घोडबंदर गावातला, पन्नाशीचा. "साधा गावठी न्हाय हाय आता. बटमोगरा हाय. फूल मोठा, भरलेला. लोक तोच मागतात."

"मला साधाच हवा होता. पेणकडचा."

"पेनचा मोगरा नि ठान्याचा मोगरा, त्याला काय आधार कार्ड असतंय काय?" तो हसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "जुना मेला काय?"

मी हो म्हणालो. आणि का कोण जाणे, बहुधा तो मला ओळखत नव्हता म्हणून, सगळं सांगून टाकलं. पाणी तोडलं, ताण दिला, एकवीस दिवस.

महिपतने खुरपं खाली ठेवलं. "कुंडीत?"

"हो."

"अरे काका, ताण देतात तो शेतातल्या झाडाला. मूळ खाली जातंय, वल शोधतंय. कुंडीतलं मूळ जाईल कुठं? चार दिवसांत सुकला तो." मग दया येऊन की काय, म्हणाला, "पन होतंय असं. वरून मेला तरी कधी कधी बुंध्यात जीव असतंय. जमिनीला लागून कापायचा, सावलीत ठेवायचा, माती नुसती वली ठेवायची. होळीच्या सुमारास फुटतो. सगलाच फुटंल असं न्हाय. पन मी फुटलेला बघितलाय. फेकला तर न्हाय ना?"

मी बटमोगऱ्याचं रोप घेतलं. तो पिशवीत माती घालून देत होता तेवढाही वेळ मला थांबवेना. परतीच्या बसला ट्रॅफिक लागला. सोसायटीच्या गेटात शिरलो तेव्हा हिरवा डबा उपडा घालून ठेवलेला होता, धुऊन. वॉचमन म्हणाला, "गाडी तो कब की गयी, चाचा. साडेनौ बजे." मी घड्याळ बघितलं. अकराला दहा कमी.

सुचेता दारातच होती. माझ्या हातातली पिशवी बघितली, रिकामी कुंडी तिने आधीच बघितली असणार.

"कुठे टाकलंत ते?"

मी सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. त्यानंतर मोगऱ्याचा विषय तिने काढला नाही. बटमोगरा मी त्याच कुंडीत लावला. उडालेली कड बाहेरच्या बाजूला, पूर्वी होती तशीच ठेवली. रोज सकाळी एक तांब्या पाणी घालू लागलो.

होळीनंतर चौथ्या दिवशी वहिनी आल्या. बॅगा घरात ठेवून सरळ आमच्याकडे. नागपूरची संत्रा बर्फी, नातीचे फोटो. मग म्हणाल्या, "कुठेय?"

गॅलरीत जाऊन त्या कुंडीपुढे उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. वाकून एका पानावरून बोट फिरवलं. सुचेता आत निघून गेली होती.

"पानं मोठी झालीत का हो?"

"थोडं खत घातलं होतं," मी म्हणालो. "गांडूळखत." ते खोटं नव्हतं. घातलं होतं.

"असेल. आणि माझे डोळेही हल्ली... डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सांगितलाय नागपूरला." त्या सरळ झाल्या आणि हसल्या. "पण जोमात आहे हो. भावजी, तुमच्या हाताला गुण आहे. मी उगाच म्हणत होते काही करू नका."

कुंडी मी त्यांच्या गॅलरीत नेऊन ठेवली. परत येताना वाटलं, सुटलो. मग पॅसेजमधल्या आठ पावलांत वाटलं, सुटलो असं मला वाटतंय.

त्या आठवड्यात त्या मला दोनदा भेटल्या. एकदा म्हणाल्या, "भावजी, याला पूर्वी पेरावर दोन पानं यायची. आता तीन-तीन आहेत. असं होतं का खतानं?" मी म्हणालो, वाचून सांगतो. दुसऱ्यांदा लिफ्टमध्ये त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "विसरायला होतं माणसाला. इशिता म्हणते, आई, तू हल्ली सारखी विसरतेस. रोज बघितलेलं झाड, आणि आता आठवत नाही ते कसं होतं." मी लिफ्टचे आकडे बघत राहिलो.

पाडव्याला चार दिवस होते तेव्हा रुचिताचा निरोप आला. 'काका, वसंत आला! ग्रुपमध्ये पुष्कळ नवीन लोक आलेत, घाबरलेत बिचारे, झाडं मरतात म्हणतात. तुमच्या मोगऱ्याची गोष्ट लिहा ना. तुमच्यासारख्या सीनिअर माणसाने धीर दिला की त्यांना हुरूप येईल.'

मी लिहायला बसलो. सुरुवात धीर देण्यानेच केली. दोन ओळी झाल्या आणि पुढे जाईना. मग मी खरं लिहिलं. कुंडी, पुस्तक, ताण, कोरडी माती, माझं बोट, बेसिनमध्ये ओतलेला तांब्या. झाड मेलं हे लिहिलं, वहिनींना दुसरं झाड दिलं हेही लिहिलं. त्यांचं नाव घातलं नाही, माझं घातलं. तीनदा कच्चं केलं, एका ठिकाणी वाक्य लांबत होतं ते तोडलं. वाचून बघितलं तेव्हा मजकूर चांगला उतरला असं वाटलं. त्या क्षणी असं वाटलं, हे सांगायला लाज वाटते.

सकाळी अकराला तो पाठवला. मनात ठरवलं, संध्याकाळी वहिनींकडे जायचं. आधी हे लिहून टाकलं की तिथे बोलणं सोपं जाईल.

टाळ्या यायला लागल्या. पन्नास, साठ, नव्वद. 'किती प्रामाणिक!' 'काका, चुकांमधूनच माळी घडतो.' 'डोळ्यांत पाणी आलं.' जितेशने लिहिलं, 'रिस्पेक्ट.' रुचिताने लिहिलं, 'काका, ही पोस्ट मी सगळीकडे पाठवतेय. प्रत्येक नवशिक्याने वाचायला हवी.'

मी ते सुचेताला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत ऐकलं.

"छान. आणि वहिनींना?"

"संध्याकाळी जाणारच आहे."

"टाळ्या वाजवतायत त्यातल्या कोणाचा होता मोगरा?"

मी उठलो. त्यांच्या दारापर्यंत गेलो. आत टीव्ही चालू होता. दुपारची वेळ, झोपल्या असतील, असं स्वतःला सांगून परत आलो.

चार वाजता बेल वाजली. वहिनी होत्या. हातात मोबाइल, चष्मा कपाळावर. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी ती पोस्ट टाकली होती. खाली तिसऱ्या मजल्यावरच्यांनी लिहिलं होतं, 'आपल्या बिल्डिंगचा अभिमान!'

"भावजी," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही लिहिलंत?"

"वहिनी, मी आता येणारच होतो..."

"छान लिहिलंय." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "मी दोनदा वाचलं. मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं हा आपला नव्हे. पण तुम्ही म्हणालात खत घातलं. तुम्ही कधी खोटं बोलत नाही, म्हणून मग मी म्हटलं, माझंच काहीतरी बिघडलंय. मी परवा इशिताला फोन करून सांगितलं, डोक्याच्या डॉक्टरला दाखवू या म्हणून. तिने तिकीट काढलंय, तान्ह्या बाळाला घेऊन. आता तिला काय सांगू ते विचारायला आले."

माझ्या मागे सुचेता येऊन उभी राहिली होती.

"आणि एक यात नाही लिहिलेलं," वहिनी म्हणाल्या. "मूळ कुठे टाकलंत?"

"ओल्या कचऱ्यात."

"कधी?"

"फेब्रुवारीत. सोमवार होता."

त्यांनी मान हलवली. फुटू शकलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. महिपतसारखंच. शेतावर वाढलेल्या होत्या त्या. मी ते ठाऊक असूनही लिहिलं नव्हतं, कारण तिथे मजकूर बिघडला असता.

"बरं," असं म्हणून त्या वळल्या. सुचेता त्यांच्या मागोमाग गेली. दार लागलं, आणि दोघी आत बराच वेळ होत्या. मी इकडे मोबाइल बंद करायचा कसा ते शोधत होतो, कारण तो वाजायचा थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात प्लास्टिकच्या पिशवीत बटमोगरा ठेवलेला होता. मुळांना धक्का न लावता, मातीसकट अलगद काढलेला, पिशवीचं तोंड सैल बांधलेलं. असं काढायला मला आलं नसतं. कुंडी त्यांनी ठेवून घेतली होती.

मी तो मेथीच्या खोक्यात लावला. दुसरं काही घरात नव्हतं. पाडव्याला त्याला पहिलं फूल आलं, मोठं, भरलेलं. मग रोज आठ-दहा येऊ लागली. सुचेता ती तोडत नाही, देवालाही वाहत नाही. मीही तोडत नाही. ती झाडावरच पिवळी पडतात आणि गॅलरीच्या फरशीवर गळतात. सकाळी मी ती झाडून घेतो.